वाडीवरची शाळा आणि आपण
(ज्युबिली महोत्सवाच्या सभेत केलेले भाषण)



ज्युबिलीच्या सभेत मागील वर्षांबद्दल आभार मानावेत व पुढील वर्षांसाठी एखादे काम अंगावर घ्यावे, अशी रीत आहे. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी 1935 साली सातारा येथे खेड्यांतील शाळांसाठी शिक्षक तयार करणारे विद्यालय काढले, तेव्हा त्याच्या नावात ‘सिल्व्हर ज्युबिली’ हेच शब्द घातले होते. ज्युबिलीची आठवण म्हणून कमानी न उभारता शिक्षक उभे करावेत, ही गोष्ट आम्हांस फार मोलाची वाटते. म्हणूनच आज आम्ही आपल्या खंडाळा तालुक्यातील वाड्यावस्त्यांवर चालणाऱ्या जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळांविषयी चार शब्द बोलणार आहो.

शाळेविषयी उदासीन राहणे ह्या तालुक्यास तरी शोभत नाही. येथील नायगावी 3 जानेवारी 1831 रोजी सावित्रीबाई फुले जन्मल्या व 1848 साली पुण्यात मुलींच्या शाळेचे काम सुरू झाले. त्या काळी मुलींना शाळेत कोण घेईल, हा प्रश्न होता. आज शाळा वाडीवर येऊन उभी आहे. परंतु तिच्यात मुले किती उरतील, हा प्रश्न होऊन बसला आहे.

“जिल्हा परिषदेच्या शाळेत आता शिकवीत नाहीत,” असे वाक्य पारावर, एस्टीच्या थांब्यावर आणि आमच्या घरांतही सहज ऐकू येते. हा निकाल देण्यापूर्वी त्या शाळेच्या हाती काय साधने आहेत, हे पाहणे न्यायाचे होईल. शिक्षणहक्काचा कायदा 2009 साली झाला व 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला. त्याच्या निकषाप्रमाणे 60 पर्यंत पट असलेल्या प्राथमिक शाळेस दोन शिक्षक मिळतात. इयत्ता मात्र पहिली ते चौथी अशा चार. म्हणजे एका गुरुजींपुढे एकाच वेळी दोन वर्ग बसतात. एकास शिकवावे, तर दुसऱ्यास लिहिण्यास बसवावे लागते. त्यांतून मुख्याध्यापक बैठकीस किंवा कागदपत्रांसाठी तालुक्यास गेले, की चारही वर्ग उरलेल्या एकाच्या पदरात पडतात. अशा दिवशी मुलांचे वाचन मागे राहिले, तर तो दोष एकट्या गुरुजींचा कसा म्हणावा?

पैशांचीही गोष्ट अशीच आहे. समग्र शिक्षा योजनेच्या 2021 पासूनच्या निकषांत शाळेचे वार्षिक अनुदान पटावर ठरते: 30 पर्यंत पट असल्यास 10,000 रुपयांपर्यंत, 31 ते 100 असल्यास 25,000 रुपयांपर्यंत. विजेचे देयक, पाण्याची सोय, शिकविण्याची साधने व किरकोळ दुरुस्ती ही सर्व त्यातच भागवावयाची. आता विचार करा. ज्या शाळेत 31 मुले आहेत, तेथून एकच मूल निघून गेले, तर त्या अनुदानाची मर्यादा निम्म्याहूनही खाली येते. कौले मात्र तेवढीच गळतात. आपण मूल काढतो तेव्हा आपलेच मूल काढतो असे आपणांस वाटते. परंतु मागे राहिलेल्या तीस लेकरांच्या पाटीवरूनही आपण काहीतरी पुसून टाकीत असतो.

इतरांस बोल लावण्यापूर्वी आम्ही आमचेच घर पाहतो. आमच्यांतील पुष्कळांनी मुले इंग्रजी माध्यमात घातली, आम्हीही घातली. मुलांचे भले व्हावे, हाच हेतू होता व त्याची लाज बाळगण्याचे कारण नाही. लाज एवढ्याचीच वाटते, की मुलाचे नाव काढण्यापूर्वी आम्ही गावच्या शाळेत एकदाही तासभर जाऊन बसलो नाही.

साधने थोडी असली, तरी काम होऊ शकते, ह्याचा दाखला आपल्याच जिल्ह्यात आहे. कुमठे बीटमध्ये विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे व तेथील शिक्षक यांनी खडे, बिया, काड्या आणि फरशीवर आखलेल्या आकृत्या यांच्या साह्याने मुलांना स्वतः शिकू दिले. ते वर्ग पाहण्यास राज्यभरातून शिक्षक आले. त्या शाळाही जिल्हा परिषदेच्याच होत.

राज्य शासनाने सप्टेंबर 2023 मध्ये 20 हून कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याचा विचार पुढे मांडला. त्यात तथ्य नाही, असे आम्ही म्हणत नाही. मोठ्या शाळेत प्रत्येक वर्गास शिक्षक मिळतो व खेळावयास सवंगडी मिळतात. परंतु सहा वर्षांच्या लेकराची शाळा दूर गेली, म्हणजे पावसाळ्यात गाडी चुकली की शाळा चुकली; आणि घरची अडचण आली, की बहुधा मुलीची शाळा आधी चुकते. सावित्रीबाईंच्या तालुक्याने तरी ही गोष्ट विसरू नये.

मग आपण काय करावे? कायद्याने प्रत्येक शाळेस व्यवस्थापन समिती दिली आहे. तिचे तीन चतुर्थांश सभासद पालक असावेत व एकूण सभासदांत निम्म्या स्त्रिया असाव्यात, असा नियम आहे. शाळेचा विकास आराखडा तयार करणे व अनुदानाच्या खर्चावर लक्ष ठेवणे, ही त्या समितीची कामे होत. ज्यांची मुले त्या शाळेत आहेत, त्यांनी सही करून न परतता हिशेब वाचून घ्यावा. ज्यांची नाहीत, त्यांनी आठवड्यातून एक संध्याकाळ द्यावी व वाडीवरच्या चार मुलांकडून एक पान मोठ्याने वाचून घ्यावे. त्यास ना अनुदान लागते, ना परवाना.

आपला समाज येथे मूठभर आहे. तरी शेजाऱ्याचे लेकरू ते आपलेच लेकरू, हे आपण दर रविवारी ऐकतो. ते सोमवारी शाळेच्या ओसरीवर खरे करून दाखवावे, एवढीच विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.