नाईलकाठचे वाफे आणि भाईंदरची मिठागरे

इजिप्तमधील लक्झरजवळील द्रा अबू एल-नगा येथे 2017 मध्ये उजेडात आलेली सुमारे 4000 वर्षांपूर्वीची थडग्यापुढील बाग जेमतेम 3 मीटर लांब आणि 2 मीटर रुंद असून, तिचे सुमारे 30 सेंटिमीटरचे चौकोनी वाफे मातीच्या वरंब्यांनी असे वेगळे केलेले आहेत की प्रत्येक वाफ्यात ओतलेले पाणी त्यातच मुरावे. नेबामुन या अधिकाऱ्याच्या थडग्यातील, इ. स. पूर्व 1350 च्या सुमाराच्या भित्तिचित्रात कमळे व मासे असलेला आयताकृती तलाव आणि भोवती खजूर, उंबराच्या जातीची झाडे दिसतात. आखीव जलाशय मध्यभागी ठेवून सावलीची झाडे ओळीने लावण्याची ही पद्धत आजच्या उद्यानरचनेतही रुजलेली आहे.

मीरा-भाईंदरच्या मिठागरांचा इजिप्तशी थेट संबंध नाही, तथापि भरतीचे खाडीचे पाणी मातीच्या बांधांनी आखलेल्या उथळ चौकोनांत घेऊन उन्हात आटवण्याच्या या रचनेतही बांध हाच भूदृश्याचा, म्हणजे माणसाने घडवलेल्या परिसराचा, कणा आहे. शहरातील नव्या उद्यानांच्या आराखड्यात कारंजी आणि आयात केलेल्या हिरवळीआधी या बांधांचा विचार व्हावा, इतकी ही स्थानिक कारागिरी मोलाची आहे.