भाड्याचे घर आणि गाडीची जागा



वर्धापनदिनानिमित्त मला चार शब्द बोलावयास सांगितले, म्हणून मी एक अगदी घरगुती विषय निवडला आहे. भाड्याने घर घेताना आपण उजेड पाहतो, पाणी किती वेळ येते ते विचारतो, ओट्याची उंचीसुद्धा पाहतो. गाडी कोठे उभी करावयाची, हे मात्र सामान आल्यावर ठरते. आता घरोघरच्या लेकीसुना स्वतःच्या दुचाकीवरून नोकरीला जातात, तेव्हा ही चौकशी आपणच केली पाहिजे.

माझी सून परिचारिका आहे. दुसरी पाळी संपवून ती घरी येते तो रात्रीचे अकरा वाजून जातात. पुण्यात कोथरूडला आम्ही घर शोधत होतो. एक घर सर्वांना आवडले, भाडेही बेताचे होते. पण गाडी पलीकडच्या गल्लीत लावावी लागणार होती. दलाल म्हणाला, "आजी, दोन मिनिटांचा तर रस्ता!" मी म्हटले, "दुपारी दोन मिनिटांचा हो. रात्री साडेअकराला एकट्या मुलीला तो किती लांब वाटेल?" ते घर आम्ही सोडले.

त्या दोन महिन्यांच्या हिंडण्यात जे उमगले ते सांगते. पहिली गोष्ट, जागा रात्री दहानंतर पाहावी. दुपारी सगळी आवारे मोकळीच दिसतात. रात्री सर्वांच्या गाड्या परतल्यावर आपली गाडी आत शिरते का, सकाळी दुसऱ्याची न हलवता बाहेर निघते का, तेथे दिवा आहे का, हे कळते. गाडी एकावर एक ठेवण्याचे यंत्र असेल, तर ते चालू आहे का आणि वीज गेल्यावर काय करतात, हे वॉचमनला विचारावे.

दुसरी गोष्ट, जागा कोणाची ते पाहावे. २०१० साली सर्वोच्च न्यायालयाने दहिसरच्या एका सोसायटीच्या दाव्यात निर्णय दिला, की मोकळी किंवा इमारतीच्या खांबांमधली पार्किंगची जागा बिल्डरला स्वतंत्रपणे विकता येत नाही. ती सोसायटीची सामाईक जागा होय. म्हणून घरमालक "माझीच जागा आहे" म्हणाले, तरी चिटणिसांना भेटावे. ती जागा त्यांच्या नावे दिलेली आहे का, भाडेकरूला वापरता येते का आणि तिचे शुल्क कोणी भरावयाचे, हे नम्रपणे विचारून घ्यावे.

तिसरी गोष्ट लिहून घेण्याची. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ याच्या ५५ व्या कलमाप्रमाणे भाड्याचा करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची असते. त्या करारात जागेचा क्रमांक, चारचाकी की दुचाकी आणि शुल्क, एवढे एका ओळीत मावते. अनामत रक्कम देण्यापूर्वीच ती ओळ घालून घ्यावी. एका घरमालकांनी आम्हांला "बघू पुढे" असे उत्तर दिले. आम्ही नमस्कार करून निघालो.

शेवटी मिळालेले घर एका खोलीने लहान आहे. माझे कपाट बैठकीच्या खोलीत ठेवावे लागले. पण स्कूटर जिन्याशेजारी दिव्याखाली उभी राहते, आणि सून आली की वरून मला तिची चाहूल लागते.

आपल्यांपैकी कित्येकींची घरे भाड्याने दिलेली असतील. त्या भगिनींनाही माझी विनंती आहे. जागा नसेल तर "नाही" असे आधीच सांगा. ऐकणारीला वाईट वाटेल, पण ती वेळीच दुसरे घर पाहील.