अडलेले पिस्तूल

आपल्यापैकी बहुतेकांनी पिस्तूल पाहिले ते चित्रपटाच्या पडद्यावर. तेथे ते सहसा अडत नाही. नायकाने चाप ओढला की बार निघतो, आणि गोळ्या संपल्याच तर त्या कथानकाच्या सोयीने संपतात. प्रत्यक्षातले पिस्तूल इतके समजूतदार नसते. ते भलत्याच क्षणी गप्प बसते. नेमबाजीच्या सरावात ते असे अडले म्हणजे काय करावे, आणि त्याहूनही महत्त्वाचे म्हणजे काय करू नये, एवढ्याच विषयावर आज चार शब्द बोलावयाचे आहेत.

श्रोत्यांपैकी एखादी गृहिणी म्हणेल, आमच्या घरात पोळपाट-लाटणे आहे, पिस्तूल नाही; आम्ही हे का ऐकावे? पण काळ बदलला आहे. मी राहतो ते नोएडा १९७६ साली दिल्लीच्या शिवेवर, यमुनेच्या पूर्व तीरावर, उद्योगांसाठी वसविलेले शहर. नोकरीच्या निमित्ताने येथे आलेल्या मराठी कुटुंबांतली मुले पूर्वी संध्याकाळी क्रिकेटला जात. आता त्यांतली काही खांद्याला पेटी लावून दहा मीटरच्या हवाई पिस्तुलाच्या वर्गाला जातात. कालिंदी कुंजापाशी यमुना ओलांडून तुघलकाबादला गेले की १९८२ च्या आशियाई खेळांच्या वेळचे आणि आता डॉ. कर्णीसिंह यांच्या नावाने ओळखले जाणारे मोठे रेंज लागते. तिकडे कोल्हापुरात तर राही सरनोबत यांनी २०१३ साली चांगवॉनच्या विश्वचषकात आणि २०१८ साली आशियाई खेळांत पंचवीस मीटर पिस्तुलाचे सुवर्णपदक मिळविल्यापासून हा खेळ घराघरांत चर्चेचा झाला आहे. शिवाय परवानाधारक आहेतच. २०१६ च्या शस्त्र नियमांनी परवान्यासाठी सुरक्षिततेचे प्रशिक्षण घ्यावयास लावले, आणि त्यामुळे कधी बार न काढलेला माणूसही एकदा तरी निशाणासमोर उभा राहतो.

आधी हे यंत्र कसे चालते ते थोडक्यात पाहू. स्वयंचलित भरणीच्या पिस्तुलात चाप ओढला की सुई काडतुसाच्या बुडावरील टोपीवर आदळते, दारू पेटते, गोळी नळीतून पुढे जाते. त्याच धक्क्याने वरची स्लाइड मागे सरकते. तिला लावलेला लहानसा आकडा रिकामी पुंगळी ओढून बाहेर भिरकावतो. मग स्प्रिंग स्लाइडला पुढे ढकलते, आणि पुढे येताना ती मॅगझिनमधले वरचे काडतूस उचलून नळीत बसविते. ही सारी कामे डोळ्याचे पाते लवण्याच्या आत उरकतात. यांपैकी एकानेही दिरंगाई केली की पुढचे काम खोळंबते. सरकारी कचेरीत एका टेबलावर फाइल अडली की खालची चार टेबले रिकामी बसतात, तशातलाच हा प्रकार.

पिस्तूल जितके लहान तितके ते अधिक हट्टी, असा अनुभव आहे आणि त्याला कारणही आहे. खिशात मावावे म्हणून त्याची स्लाइड आखूड केलेली असते. तिला मागेपुढे जावयास जागा थोडी, वेळ थोडा, आणि तिला आवरणारी स्प्रिंग ताठ. मोठ्या पिस्तुलाला जी चूक पचते ती लहानाला पचत नाही. मूठ सैल धरली, मनगट ढिले पडले, तर धक्क्याचा जोर हातातच जिरतो, स्लाइड पुरती मागे जात नाही, आणि पुंगळी दारात उभ्या राहिलेल्या पाहुण्यासारखी ना आत ना बाहेर अशी अडकते. नवशिका तेव्हा पिस्तुलाला दोष देतो. तेच पिस्तूल शिक्षकाच्या हातात निमूटपणे चालते, आणि नवशिक्याचा चेहरा पाहण्यासारखा होतो.

आपल्याकडे नऊ मिलिमीटरचे पिस्तूल सामान्य नागरिकाला वर्ज्य असल्याने परवान्याचे लहान पिस्तूल बहुधा .३२ बोअरचे, म्हणजे ७.६५ मिलिमीटरचे असते. या काडतुसाची एक खोड ध्यानात ठेवण्याजोगी आहे. त्याच्या बुडाची कडा अंगापेक्षा किंचित बाहेर आलेली असते. मॅगझिन भरताना वरच्या काडतुसाची कडा खालच्याच्या कडेच्या पुढे बसली पाहिजे. ती मागे गेली तर दोन्ही कडा एकमेकींत गुंततात आणि काडतूस वर चढेनासे होते. मग स्लाइड कितीही वेळा ओढा, उपयोग शून्य. मॅगझिन काढून, सारी काडतुसे एकेक करून बाहेर घेऊन पुन्हा नीट भरणे एवढाच त्यावर उपाय. पुष्कळ लोक पिस्तूल दुरुस्तीला नेतात आणि दोष निघतो मॅगझिन भरणाऱ्या अंगठ्याचा.

किंबहुना अडण्याच्या पुष्कळशा तक्रारींचे मूळ मॅगझिनमध्येच सापडते. त्याचे ओठ वाकलेले असतात, तळाची स्प्रिंग थकलेली असते, किंवा ते खटका बसेपर्यंत आत ढकललेलेच नसते. जाणते नेमबाज आपल्या प्रत्येक मॅगझिनवर रंगाने आकडा घालतात. तीन वेळा पिस्तूल अडले आणि तिन्ही वेळा दोन नंबरचेच मॅगझिन होते, हे कळावयास मग पंडित लागत नाही. दुसरे कारण तेलाचे. आपल्याकडे यंत्रावर प्रेम करणे म्हणजे त्याला तेलाने न्हाऊ घालणे अशी समजूत आहे. उन्हाळ्यात दिल्लीच्या बाजूला धुळीची वादळे येतात. ती धूळ आणि ते तेल यांचा चिखल होतो आणि पुंगळी ओढणाऱ्या आकड्याखाली साचून राहतो. तेलाचा थेंब लावून तो पुसून टाकावा. बोटाला ओशट लागेल एवढाच अंश राहू द्यावा.

आता मुख्य मुद्दा. पिस्तूल अडले. नेमबाजाने काय करावे?

उत्तर विचित्र वाटेल. काही करू नये. नळी निशाणाकडेच ठेवावी, बोट चापावरून काढावे, आणि थांबावे. चाप ओढल्यावर नुसता ‘टक्’ असा आवाज झाला आणि बार निघाला नाही, तर टोपी अगदीच निकामी असेल किंवा दारू धुमसत असेल. उशिराने बार निघणे दुर्मीळ असले तरी अशक्य नाही. म्हणून निदान तीस सेकंद तसेच उभे राहावयाचे. त्या तीस सेकंदांत माणसाला पिस्तूल डोळ्यासमोर वळवून नळीत डोकावण्याची जी अनिवार इच्छा होते, तिच्याइतकी घातक इच्छा या खेळात दुसरी नाही.

यात एक पेच आहे. सैनिकाला याच्या अगदी उलट शिकविलेले असते. रणांगणावर हत्यार अडले तर विचार करावयास सवड नाही. मॅगझिनला थाप मारा, स्लाइड ओढा, पुन्हा बार काढा. तेथे ते योग्यच आहे, कारण समोर शत्रू आहे. सरावाच्या रेंजवर समोर कागद आहे. कागद पळून जात नाही.

आमच्या ओळखीचे एक निवृत्त सुभेदार आहेत, साताऱ्याकडचे. सैन्यातून आल्यावर ते नवशिक्यांना शिकवितात, आणि आपल्याच अंगवळणी पडलेली ती सवय शिष्यांच्या अंगी लागू नये म्हणून डोळ्यांत तेल घालून असतात. एकदा मी मागे खुर्चीवर बसून पाहत होतो. एक तरुण .३२ चे पिस्तूल चालवीत होता. चार बार व्यवस्थित निघाले. पाचव्याला आवाज झाला तो फुसका, टाळी वाजविल्यासारखा. कानांवर आवाजरोधक असल्याने तो त्याला नीटसा कळलाही नसेल. निशाणावर नवे छिद्र नव्हते. स्लाइड हललेली नव्हती. तरुणाने कोणाला तरी करताना पाहिले असावे, तसा झटकन स्लाइडला हात घातला. सुभेदार गरजले, “हात काढ बाळा! नळी समोर!” आणि तीन पावलांत त्याच्यापाशी पोहोचले. मॅगझिन काढले, पुंगळी काढली, स्लाइड मागे अडकवून पिस्तूल रिकामे असल्याची खात्री केली, मग ते उघडून नळी वेगळी केली आणि उजेडाकडे धरली. उजेड पलीकडे दिसेना. गोळी मधोमध रुतून बसली होती. काडतुसात दारू जवळजवळ नव्हतीच. केवळ टोपीच्या जोराने गोळी निम्म्या वाटेपर्यंत गेली होती.

स्लाइड ओढली असती तर रिकामी पुंगळी सुखाने बाहेर पडली असती, नवे काडतूस सुखाने आत बसले असते, आणि पुढच्या बाराला दुसरी गोळी पहिलीवर जाऊन आदळली असती. नळी फुगते, कधी फाटते, आणि ती धरणारी बोटे अर्थातच तिच्यालगत असतात. म्हणजे झटपट इलाजच येथे खरा अपघात ठरला असता. सुभेदार त्या मुलाला रागे भरले नाहीत. “पोरा, आधी ऐकायचं, मग बघायचं, हात सगळ्यात शेवटी,” एवढेच म्हणाले आणि त्या पेटीतली उरलेली काडतुसे बाजूला ठेवावयास त्यांनी त्याला सांगितले.

हाच विचार आंतरराष्ट्रीय स्पर्धेच्या नियमांतही आढळतो, आणि माझ्यासारख्या नियमांच्या पुस्तकावर पोसलेल्या माणसाला तो वाचताना विशेष आनंद होतो. पंचवीस मीटरच्या स्पर्धेत पिस्तूल अडले तर नेमबाजाने ते निशाणाकडे रोखूनच धरावयाचे आणि मोकळा हात वर करावयाचा. पंच येतो आणि तपासतो. दोष दोन प्रकारचे. काडतूस पेटले नाही, पुंगळी बाहेर पडली नाही, सुई मोडली, गोळी नळीत अडकली, तर दोष मान्य, आणि राहिलेले बार पुरे करण्याची संधी मिळते. परंतु खटका उघडला नव्हता, काडतुसे कमी भरली होती, मॅगझिन नीट बसविले नव्हते, आधीच्या बारानंतर चाप पुरता पुढे सोडला नव्हता, तर दोष अमान्य, आणि न निघालेल्या बारांचे गुण शून्य. यंत्राचा अपराध कोणता आणि माणसाचा कोणता, याची इतकी स्वच्छ वाटणी मी आमच्या खात्यांच्या चौकशी अहवालांतही क्वचितच पाहिली आहे. आणि या यादीत आणखी एक कलम आहे: पंच येण्यापूर्वी नेमबाजाने यंत्रणेला हात लावला, तर खरा दोषही अमान्य ठरतो. पुराव्याला हात लावला की पुरावा गेला.

दहा मीटरच्या हवाई पिस्तुलाला मात्र हा आधार नाही. तेथे पिस्तूल दुरुस्त करता येते, बदलताही येते. पण घड्याळ थांबत नाही. टोकियो ऑलिंपिकमध्ये २५ जुलै २०२१ रोजी, आसाकाच्या रेंजवर, मनू भाकर हिला हे भोगावे लागले. साठ बारांना पंचाहत्तर मिनिटे असतात. सोळा बार झाल्यावर तिच्या पिस्तुलाचा हवा भरण्याचा दांडा मोडला. ती रेंज सोडून प्रशिक्षकांसह दुरुस्तीसाठी गेली. इलेक्ट्रॉनिक चापाच्या जोडणीनेही त्रास दिला. परतली तेव्हा चव्वेचाळीस बार शिल्लक आणि मिनिटे छत्तीस. एरवी एका बाराला सव्वा मिनिट मिळते. तिला पन्नास सेकंदही मिळाले नाहीत. श्वास स्थिर करणे, हात उचलणे, नेम जुळेना तर बार न काढता हात खाली घेणे ही या खेळाची चैन असते, आणि तीच हिरावली गेली. तिचे गुण झाले ५७५. आठवी आणि शेवटची अंतिम फेरीची जागा ५७७ ला गेली. ती बारावी आली.

त्यानंतर देशात वाद पुष्कळ झाला. राखीव पिस्तूल का घेतले नाही, असे घरबसल्या विचारणारे अनेक निघाले. प्रश्न सोपा आहे, उत्तर सोपे नाही. राखीव पिस्तुलाची मूठ तळहाताला तशीच बसली पाहिजे, चाप तितक्याच वजनाला सुटला पाहिजे, आणि त्याचा नेम पुन्हा जुळविण्यातही मिनिटे जातात. माझ्या मते तेथे दोन वाईट पर्यायांतून एक निवडावयाचा होता, आणि एकोणीस वर्षांच्या मुलीने उरलेल्या छत्तीस मिनिटांत ५७५ पर्यंत मजल मारली हीच त्या दिवसाची खरी बातमी होती. पुढे २०२४ साली पॅरिसला त्याच प्रकारात तिने कांस्यपदक मिळविले आणि दोन दिवसांनी सरबज्योत सिंगबरोबर मिश्र गटात दुसरे.

सरावात या प्रसंगांची तयारी करता येते काय? करता येते, आणि तिला खर्चही फारसा नाही. राखीव पिस्तूल केवळ पेटीत ठेवून भागत नाही. महिन्यातून काही दिवस त्यानेच सराव करावा. हवेची नळकांडी दहा वर्षांच्या मुदतीत आहे ना, हे तिच्यावरील तारखेवरून पाहावे. प्रत्येक अडथळा वहीत टिपावा: तारीख, मॅगझिनचा आकडा, काडतुसांची पेटी, कितवा बार, आवाज कसा झाला.

आणखी एक जुना प्रयोग सुभेदार करवून घेतात. मॅगझिन ते स्वतः भरतात आणि खऱ्या काडतुसांत एक-दोन निर्जीव काडतुसे मिसळतात. कितवे ते नेमबाजाला ठाऊक नसते. त्याने चाप ओढला आणि बार निघाला नाही, की मागे उभे राहून ते दोनच गोष्टी पाहतात. एक, नळी समोर राहिली आणि मोकळा हात वर गेला की स्लाइडकडे धावला. दुसरी अधिक गमतीची. धक्का येणार या धास्तीने मनगट आधीच खाली झुकते. खऱ्या बाराच्या उसळीत ते कोणाला दिसत नाही, पण बार न निघालेल्या पिस्तुलाचे टोक खाली गेलेले सगळ्या रेंजला दिसते.