फळी धरणारा तिसरा हात

(हस्तकला प्रदर्शनाच्या वेळी केलेले भाषण)



प्रदर्शनाच्या कोपऱ्यातील सुतारी मेजावर बोल्टने बसवलेली एक ओबडधोबड लाकडी पट्टी आपण पाहिली असेल. शेजारच्या नक्षीकामापुढे ती कुणाच्या डोळ्यांत भरणारी नाही. तरीही आज मला तिच्याविषयीच दोन शब्द सांगावयाचे आहेत. कारण तिच्यामागे माझी स्वतःची एक चूक आहे.

कार्यानुभवाच्या तासाला आठवीतील एक मुलगा फळीवरची खाच साफ करीत होता. डाव्या हाताने फळी धरलेली, उजव्या हाताने पटाशी रेटणे चाललेले. फळी हलते आहे असे पाहून मी म्हणालो, "घट्ट धर." त्याने धरली. पुढच्याच क्षणी पटाशी निसटून त्याच्या डाव्या हातात शिरली. तीन टाके पडले.

दुसऱ्या दिवशी त्याचे वडील आले. ते स्वतः मिस्त्री. ते रागावतील म्हणून मी मान खाली घालून उभा होतो. ते एवढेच म्हणाले, "सर, आम्ही जमिनीवर बसून पायाने फळी दाबतो. ती सवय व्हायला वर्षं जातात. पोरांना मेजाशी उभं केलंत, तर फळी धरायला काहीतरी करून द्या. हात पटाशीच्या पुढे येताच कामा नये."

मित्रांनो, मी "घट्ट धर" म्हणालो. कशाने धर, ते सांगितले नव्हते. पुढच्या रविवारी आम्ही दोघांनी मिळून हा शिकंजा केला. तो कसा करावयाचा, ते आता ऐका.

बाभळीची किंवा सागाची 12 इंच लांब, 2 इंच रुंद आणि दीड इंच जाड पट्टी घ्या. तिच्या मध्यभागी लांबीच्या दिशेने 4 इंचांची आरपार फट पाडा. रुंदी 4 सूत, म्हणजे अर्धा इंच. आधी गिरमिटाने ओळीने भोके पाडावीत आणि मधले लाकूड पटाशीने काढावे. हे करताना पट्टी व्हाइसमध्ये पकडा, हातात नव्हे! पट्टीचे पुढचे टोक खालून थोडे गोल करून त्यावर जुन्या चपलेचे चामडे चिकटवा, म्हणजे फळीवर वळ उठणार नाही.

मेजाच्या फळीला 4 सुताचे भोक पाडून 3 सूत जाडीचा, सुमारे 7 इंच लांबीचा बोल्ट खालून वर घाला. बोल्टचे डोके लाकडात रुतू नये म्हणून खाली मोठा वायसर हवा. वर पट्टीवरही वायसर ठेवून मग नट बसवा. पट्टीचे पुढचे टोक कामाच्या फळीवर टेकवा आणि मागच्या टोकाखाली लाकडाचा ठोकळा ठेवा. ठोकळा फळीइतकाच, किंवा किंचित उंच असावा. तो कमी पडला, तर पट्टी मागे कलते आणि टोकाची पकड सुटते. नट आवळल्यावर फळी जोराने ढकलून पाहा. ती हलली नाही, तरच हत्याराला हात लावा.

आता विज्ञानाच्या पुस्तकातील तरफ आठवा. बोल्ट फळीपासून 2 इंचांवर आणि ठोकळ्यापासून 4 इंचांवर असेल, तर बोल्टच्या 60 किलो दाबापैकी 40 किलो फळीवर येतो. बोल्ट ठोकळ्याकडे सरकवून ही अंतरे उलट केलीत, तर फळीला 20 किलोच मिळतात. नट तोच, हात तोच. फरक फक्त जागेचा. हे गणित ज्या मुलाला फळ्यावर कधी सुटले नव्हते, त्याने ते मेजावर मला समजावून सांगितले. तो मुलगा कोण, हे आपण ओळखले असेलच.

याहून साधी युक्ती लोहार करून देतो. 5 सुती गज वरून वाकवून 6 सुताच्या भोकात सोडावयाचा. वाकावर हातोडा मारला की गज भोकात तिरका होऊन अडकतो आणि घर्षणाने फळी दाबून धरतो. मागून एक ठोका दिला की सुटतो. फ्रान्सच्या रुबो या सुताराने 1769 पासून प्रसिद्ध केलेल्या सुतारकामावरील ग्रंथात असा आकडा असलेले मेज दाखविले आहे.

पालकहो, "सुतारकामच करावयाचे, तर शाळा कशाला?" असे आपल्यापैकी काहीजण मला विचारतात. 1937 साली वर्ध्याच्या शिक्षण परिषदेनंतर जी समिती नेमली गेली, तिचे अध्यक्ष डॉ. झाकिर हुसेन होते. हाताच्या उद्योगातून शिक्षण द्यावे, असा त्या समितीचा आग्रह होता. पुढे ते राष्ट्रपती झाले. 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणातही सहावी ते आठवीच्या मुलांनी दहा दिवस दप्तराविना सुतार, माळी, कुंभार अशा कारागिरांजवळ शिकावे, असे म्हटले आहे. आपला मुलगा डॉक्टर होवो की मिस्त्री, हातातील काम नीट धरावयाची अक्कल त्याला लागणारच आहे.

विद्यार्थी मित्रांनो, या सुट्टीत असा एक शिकंजा करून पाहा. अडले तर आपल्या मोहल्ल्यातील मिस्त्रीचाचांना विचारा. मीही त्यांनाच विचारले. आणि दोन्ही हात नेहमी धारेच्या मागे ठेवा.