चेकवर कोणतं पेन?

दुकानात पेन घ्यायला गेलं की आपण किंमत पाहतो, रंग पाहतो. पण चेक, भाडेकरार, मृत्युपत्र लिहायचं असेल तर शाई पाहा. साध्या बॉलपेनच्या शाईत रंग बहुधा विरघळलेला असतो. नेलपॉलिश काढायच्या ॲसिटोनने तो पसरतो, कधी निघूनही जातो. पिगमेंट शाईचे कण मात्र विरघळत नाहीत, कागदाच्या तंतूंत रुतून बसतात. जुन्या मोडी कागदांवरची काजळाची शाई आजही काळीभोर आहे, कारण काजळाचे कणही असेच, शिवाय ते फिके पडत नाहीत. पाण्याचं तेवढं तिला भय.

खोडता येणारी पेनं मुलांच्या वह्यांपुरतीच ठेवा. त्यांतल्या काहींची शाई साधारण ६० अंश सेल्सिअसला दिसेनाशी होते, आणि आपल्या मे महिन्यात उन्हातल्या बंद गाडीचा डॅशबोर्ड तेवढा तापू शकतो!

पेन घरीच तपासा. दोन ओळी लिहा, पूर्ण वाळू द्या, मग एकीवर पाण्याचा थेंब टाका, दुसरीवर ॲसिटोनचा. शाई कितीही पक्की असली तरी पुढे शून्य वाढवणाऱ्याला ती अडवत नाही, म्हणून रकमेनंतरच्या मोकळ्या जागेत रेघ ओढा. आणि चूक झालीच तर गिरवू नका, नवा चेक लिहा; सीटीएस म्हणजे प्रतिमेवरून वटणाऱ्या चेकवर तारखेखेरीज दुरुस्ती चालत नाही.