माईक श्रोत्यांकडे जाऊ द्या : स्वागताध्यक्षीय भाषण



स्वागताध्यक्षाचं काम म्हणजे मांडव, मुक्काम आणि जेवण. भाषण हा त्याला वरकड मिळालेला मान. मी कोल्हापूरच्या उद्यमनगरातला, ओतकामाच्या धंद्यातला माणूस. राज्यशास्त्र, समाजशास्त्र यांत माझा काही अधिकार नाही. पण या गावातल्या व्याख्यानांना मागच्या रांगेत बसायची सवय जुनी आहे. तेव्हा बोलतो ते श्रोता म्हणून.

अंबाबाई, रंकाळा, तांबडा-पांढरा यांची ओळख पाहुण्यांना करून द्यावी लागत नाही. दुसरी एक सांगतो. न्यायमूर्ती रानडे यांचं बालपण कोल्हापुरात गेलं. पुढे १८७५ साली त्यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली. त्यांना गुरू मानणारे गोपाळ कृष्ण गोखले आमच्या राजाराम कॉलेजचे विद्यार्थी. म्हणजे पुण्याला व्याख्यानांची गोडी लावणाऱ्यांनी आधी पंचगंगेचं पाणी प्यायलं होतं. पुण्याच्या पाहुण्यांनी एवढं लक्षात ठेवावं, बाकी आमची काही तक्रार नाही!

आमची खरी परंपरा मात्र सभागृहातली नाही, उघड्यावरची आहे. २१ आणि २२ मार्च १९२० रोजी हातकणंगले तालुक्यातल्या माणगावात परिषद भरली. पुढाकार गावच्या आप्पासाहेब दादगोंडा पाटलांचा, म्हणजे एका जैन पाटलाचा. अध्यक्ष होते अठ्ठावीस वर्षांचे डॉ. आंबेडकर. सिडनहॅम कॉलेजातली प्राध्यापकी त्यांनी नुकतीच सोडली होती आणि त्यांचं 'मूकनायक' हे पाक्षिक निघून दोन महिनेही झाले नव्हते. शाहू महाराज स्वतः तिथं आले, बोलले. अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून सगळ्या मुलांना एकत्र बसवा, असा हुकूम महाराजांनी आदल्याच वर्षी काढला होता. ज्यांची पोरं तोवर वर्गाबाहेर होती, ती माणसं कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेल्या आपल्यातल्याच विद्वानाला ऐकत होती. राजकारण आणि समाज या विषयावरचं याहून मोठं व्याख्यान कोणत्या विद्यापीठानं भरवलंय, सांगा. आणि तेव्हा इथं विद्यापीठ नव्हतंच.

ते आलं १९६२ साली. डॉ. राधाकृष्णन यांच्या हस्ते उद्घाटन झालं, आप्पासाहेब पवार पहिले कुलगुरू. इतिहासाचा अभ्यासक कुलगुरू झाला, हे आमचं भाग्य. शेतकऱ्याच्या घरातली पहिली पिढी या विद्यापीठात शिकली. पण शिकलेलं गावात परत कसं न्यायचं, हा प्रश्न उरलाच. त्यासाठीच 'बहिःशाल' शिक्षण आलं. शब्द जरा जड आहे, काम मात्र साधं: वर्ग उचलून गावात न्यायचा. आज ते काम दमलेलं दिसतं, आणि त्याचं कारण मला तरी पैसा वाटत नाही.

एका महाविद्यालयातली कार्यशाळा सांगतो, नाव घेत नाही. विषय पंचायत राज. वेळ दहाची, दीपप्रज्वलन साडेअकराला. मग शाल, श्रीफळ, रोप, प्रास्ताविक, परिचय, परिचयातच वक्त्यांच्या पुस्तकांची सगळी यादी. वक्त्यांना उरली वीसेक मिनिटं. शेवटी एक मुलगी प्रश्न विचारायला उभी राहिली, तर "वेळेअभावी" म्हणून तिला बसवलं. बाहेर प्रमाणपत्रांची रांग लागली होती. चहाच्या वेळी मी तिला विचारलं, बाळ, काय विचारायचं होतं? म्हणाली, "आमच्या गावात सरपंच वहिनी हाईत, पण ग्रामसभेत मालकच बोलत्यात. हे कायद्यात बसतंय काय?"

महाराष्ट्रात २०११ पासून स्थानिक संस्थांमध्ये स्त्रियांना निम्म्या जागा आहेत. त्यावरची अख्खी कार्यशाळा तिच्या एका प्रश्नात होती, आणि अहवालात मात्र फोटो गेले दीपप्रज्वलनाचे. महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकला फोटो लागतात, मान्य. प्रश्नही लागत असते तर बरं झालं असतं. आमच्या धंद्यात वरून गुळगुळीत दिसणारं कास्टिंगही फोडून पाहिलं, की आत ब्लोहोल, म्हणजे हवेची पोकळी, आहे का ते कळतं. व्याख्यानाचं फोडणं म्हणजे श्रोत्यांचे प्रश्न.

कॉम्रेड गोविंद पानसरे यांना हे नेमकं ठाऊक होतं. 'शिवाजी कोण होता?' मुळात भाषण होतं, १९८८ साली त्याची पुस्तिका झाली आणि ती घराघरांत गेली. समोर बसलेल्या माणसाच्या मनात काय शंका असेल, हे धरून ते बोलत. श्रमिक प्रतिष्ठानची अवि पानसरे व्याख्यानमाला ही त्यांचीच मेहनत. १६ फेब्रुवारी २०१५ च्या सकाळी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या, २० तारखेला ते गेले. व्याख्यानमाला बंद पडली नाही. शाहू स्मारक भवनात लोक येऊन बसले. त्या गर्दीला प्रमाणपत्र लागत नव्हतं.

प्राध्यापक मंडळींना एक विनंती. गावात जाल तेव्हा दुपारी तीनची वेळ घेऊ नका. धारा काढून, डेअरीला दूध घालून, जेवून माणूस आठाला मोकळा होतो. बाई त्याहून उशिरा, म्हणून तिच्यासाठी वेळ तिलाच विचारून ठरवा. पोस्टर इंग्रजीत छापू नका. आणि ऊसतोडीच्या हंगामात फडावर गेलात, तर तिथं आपण बोलण्यापेक्षा ऐकण्यासारखंच जास्त आहे.

या परिषदेच्या दोन दिवसांत आम्ही सत्कार काढून टाकले आहेत. फेटे तेवढे ठेवलेत. ते काढले असते तर गावानं मला माफ केलं नसतं. प्रत्येक वक्त्याला चाळीस मिनिटं आणि श्रोत्यांनाही चाळीसच. प्रश्नांच्या चिठ्ठ्या घेणार नाही. माईक फिरेल, ज्याला विचारायचंय त्यानं उभं राहून, आपल्या बोलीत विचारावं. पुढच्या दोन रांगा ग्रामपंचायत सदस्य भगिनींसाठी राखून ठेवल्या आहेत. पदाधिकाऱ्यांनी कृपया तिथं बसू नये, मीही बसणार नाही. जेवण दीड वाजता, मांडवाच्या मागच्या बाजूला.

आपल्या सर्वांचं करवीरनगरीत मनापासून स्वागत करतो आणि उद्घाटकांना विनंती करतो, की त्यांनी सुरुवात करावी. त्यांची चाळीस मिनिटं आतापासून मोजली जातील.