बागेतले पाणी आणि वस्तीतला नळ
(महिला मेळाव्यातील भाषण)



पाण्याची बैठक म्हटली की आपण नळ, टँकर आणि हंड्यांच्या रांगेबद्दल बोलतो. आज मी सांडपाण्याबद्दल बोलणार आहे. नाकाला पदर लावू नका. घरात आलेल्या पाण्यातले सुमारे ८० टक्के पाणी सांडपाणी होऊनच बाहेर पडते.

हे पाणी शुद्ध करून शहरातल्या बागांना द्यावे, या मागणीला माझा पाठिंबा आहे. प्रक्रिया केंद्रात आधी गाळ खाली बसवतात, मग पाण्यात हवा सोडतात म्हणजे जिवाणू घाण खाऊन टाकतात, शेवटी गाळून क्लोरीन घालतात. झाडांना ते चालते. मग पिण्याचे पाणी गवतावर का ओतायचे? मुंबईत इमारतींना माणशी १३५ लिटर आणि झोपडपट्टीला ४५ लिटर, असा हिशेब वर्षानुवर्षे चालला. घर अनधिकृत आहे म्हणून माणसाला पाणी नाकारता येणार नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१४ मध्ये सांगितले. तेव्हा बागेत वाचलेले पिण्याचे पाणी कुठे गेले, हे आपणच विचारले पाहिजे. ते वस्तीत न येता नव्या टॉवरला गेले, तर आपल्या पदरात काय पडले?

दुसरा प्रश्न बागेत खुरपणी करणाऱ्या बाईचा. ती बहुधा कंत्राटावर असते. हातात मोजे नाहीत, पायात बूट नाहीत, डबाही तिथेच खाते. पाणी नीट शुद्ध झाले नाही, तर जंत आणि जुलाब आधी तिला होणार, मग हिरवळीवर खेळणाऱ्या मुलांना. लोकांचा थेट स्पर्श होतो अशा हिरवळीच्या पाण्यात दर १०० मिलिलिटरमागे विष्ठेतले कॉलिफॉर्म जिवाणू २०० पेक्षा जास्त नसावेत, असे जागतिक आरोग्य संघटनेने १९८९ सालीच सांगितले आहे.

म्हणून आपल्या मागण्या अशा: तपासणीचे आकडे बागेच्या दाराशी मराठीत लावा. या पाण्याचे नळ वेगळ्या रंगाचे करा आणि त्यांवर ‘पिण्याचे नाही’ असे लिहा. पाणी बाग बंद असताना द्या. कामगार बायांना मोजे, बूट आणि हात धुवायला स्वच्छ पाणी द्या. वाचलेल्या प्रत्येक लिटरचा हिशेब वस्तीला द्या.

हिशेब मिळाला नाही, तर माहितीच्या अधिकाराचा अर्ज करू. अर्ज लिहायला मी बसते. सह्या तुम्ही गोळा करा. आणि पहिली सही खुरपणाऱ्या बाईची घ्या.